पीटरच्या डोळ्यांतलं पाणी

शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला रोझमेरी चहाचा कप घेऊन आतल्या खोलीत गेली, तेव्हा तिचा नवरा पडदे ओढून अंधारात बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. डोक्यावर भिंतीला त्याच्या आईबापाचा फोटो होता. तेहतीस वर्षांच्या संसारात तिने पीटरला एकदाच रडताना पाहिलं होतं, मुलीच्या लग्नात, आणि तेव्हाही त्याने ते सर्दीवर ढकललं होतं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. डोळ्यात काहीतरी गेलंय."

"दोन्ही डोळ्यांत?"

पीटरने तोंड भिंतीकडे वळवलं, आणि सगळं बिघडायला तिथूनच सुरुवात झाली.

खरं कारण सांगणं सोपं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी पीटर एका बँकेतून निवृत्त झाला होता. निवृत्त माणसाने काय करावं याबद्दल होळी या त्यांच्या गावात प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. कुणी म्हणे वाडीत लक्ष घाल, केळी लाव; कुणी म्हणे मुलीकडे कॅनडाला जाऊन ये. पीटरने मात्र रोझमेरीला एकदाच, जेवताना, भाताकडे बघत सांगितलं होतं की त्याला वेल्डिंग शिकायचंय. रोझमेरीने डाव खाली ठेवला होता. साठाव्या वर्षी हात भाजून घ्यायची ही कसली हौस, असं तिने विचारलं आणि तसलं काही करणार नाही असं त्याच्याकडून वदवून घेतलं. पीटरने मान हलवली. पुढच्या सोमवारपासून तो रोज सकाळी कम्प्युटर क्लासला जायला लागला.

हा कम्प्युटर क्लास सातिवलीला, गोदामांच्या रांगेत, पत्र्याच्या एका शेडमध्ये भरत असे. तिथे बारा मुलामुलींची तुकडी तीन महिन्यांत वेल्डर होऊन बाहेर पडायची. शिकवणारे कृष्णा सर चौतीस वर्षांचे. प्रवेशाच्या अर्जात 'पुढे काय करायचे आहे' या रकान्यात पीटरने 'वेल्डर' असं लिहिलं, तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी फक्त त्याच्या चष्म्याचा नंबर विचारला. त्या एका गोष्टीसाठी पीटरला ते जन्मभरासाठी आवडले.

कारण हे वेड आजचं नव्हतं. दहावी झाल्यावर पीटर दोन महिने आयटीआयला वेल्डरच्या ट्रेडला गेला होता. पहाटे उठून जायचं, आईने दिलेली भाकरी दुपारी झाडाखाली खायची, आणि दिवसभर लोखंडाच्या पट्टीवर वितळत्या धातूचा सरळ रेघेसारखा 'रन' ओढायला शिकायचं. सगळ्यांचे रन गांडुळासारखे वळायचे. एक दिवस म्हातारे मास्तर त्याच्या पट्टीवरून अंगठा फिरवून म्हणाले, "तुझा हात स्थिर आहे." एवढंच. त्या रात्री पीटरला आनंदाने झोप लागली नव्हती. मग एका सकाळी बाप स्वतः आयटीआयत गेला आणि त्याचं नाव काढून आला. कारण त्याने सांगितलं नाही आणि त्या काळी बापाला कारण विचारत नसत. पीटर कॉमर्सला गेला, बँकेत लागला आणि त्या स्थिर हाताने छत्तीस वर्षं कागदांवर शिक्के मारत राहिला. शिक्का कधी वाकडा पडला नाही. पण रस्त्यात कुठे नवा गेट दिसला की तो थांबून सांध्यावरून अंगठा फिरवायचा, आणि रोझमेरी दहा पावलं पुढे जाऊन एकटीच बोलत राहायची.

सातिवलीच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी तापल्या लोखंडाचा वास नाकात शिरला आणि पीटरला आपण पुन्हा सोळा वर्षांचे झालो असं वाटलं. अडचण एवढीच होती की डोळे साठ वर्षांचे होते. सांधा नीट दिसावा म्हणून तो तोंडापुढची काळ्या काचेची शील्ड वर ठेवून रॉड अगदी जवळ न्यायचा आणि मग शील्ड खाली घ्यायचा. बऱ्याचदा ठिणगी आधी पडायची आणि शील्ड नंतर. शेजारच्या टेबलावर चंदनसार गावची ऋतिका असायची, वीस वर्षांची, तुकडीतली सगळ्यांत हुशार मुलगी. ती रोज टोकायची, "काका, आधी शील्ड, मग रॉड." पीटर रोज हो म्हणायचा. शनिवारी, सोमवारच्या टेस्टची तयारी म्हणून त्याने सकाळभर सांध्यांवर वेल्डिंगचे लहान लहान टाके मारले, चाळीस-पन्नास तरी, आणि प्रत्येक टाक्याला तो लखलखाट थोडा थोडा डोळ्यांत गेला. दुपारी काही वाटलं नाही. चारनंतर डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं झालं, उजेड सोसवेना, आणि जे पाणी सुरू झालं ते थांबेचना.

म्हणून तो घरातल्या सगळ्यांत अंधाऱ्या खोलीत बसला होता. ती नेमकी आईबापाच्या फोटोची खोली होती, याला त्याचा इलाज नव्हता.

रोझमेरीने बाहेर येऊन आधी कॅनडाला फोन लावला. निवृत्त माणसं आतून खचतात, असं तिने परवाच कुठेतरी वाचलं होतं. मुलगी रोवेना तिकडे नुकतीच उठली होती. तिने पप्पांना व्हिडिओवर दाखव म्हणून सांगितलं. रोझमेरीने फोन पीटरच्या तोंडासमोर धरला. स्क्रीनचा उजेड थेट डोळ्यांत गेला आणि पाण्याला दुप्पट जोर आला. मुलीचा चेहरा दिसताच बाप ओक्साबोक्शी रडतोय, हे पाहून रोवेनाचाही बांध फुटला. ती म्हणाली की ती नोकरी सोडून परत येते. पीटर डोळे मिटून सांगत राहिला की मी अगदी मजेत आहे. गालांवरून पाणी ओघळत असताना असं म्हणणाऱ्या बापावर कुठली मुलगी विश्वास ठेवील? तिने लगेच विमानांच्या वेळा बघायला घेतल्या.

आता खरं सांगून टाकावं, असं पीटरच्या मनात आलं. पण सोमवारी टेस्ट होती. आज सांगितलं तर रोझमेरी त्याला सोमवारी फाटकाबाहेर पडू देणार नव्हती. दोन दिवस कळ काढू, असं त्याने ठरवलं.

रोझमेरीला मात्र दोन मिनिटं कळ काढवत नव्हती. तिने पीटरच्या थोरल्या बहिणीला, एलिसाला बोलावलं. एलिसा तीन घरं सोडून राहायची. ती वाडीतून तशीच आली, हाताला माती, आणि येताना चर्चमधून फादर मेलरॉय यांना घेऊन आली. फादर तरुण होते, नव्यानेच या गावात आलेले. त्यांनी पीटरच्या खांद्यावर हात ठेवला, काही विचारलं नाही, आणि प्रार्थनेसाठी मेणबत्ती पेटवून त्याच्यासमोर ठेवली. पीटरने ज्योतीकडे एकदा पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांना अक्षरशः धारा लागल्या.

"रडू द्या त्यांना," फादर हळूच रोझमेरीला म्हणाले. "मन मोकळं होतंय."

पीटरला बोलायचं होतं, पण प्रार्थनेच्या मध्ये कसं बोलणार? तो रुमालाने डोळे टिपत बसला. प्रार्थना संपली. रोझमेरी पदर डोळ्यांना लावून उभी होती. आणि मग एलिसाच खाली त्याच्या पायाशी बसली.

"पीटर, तू आयटीआयसाठी रडतोस ना?" तिने विचारलं.

पीटर दचकला. तो वेल्डिंगमुळे रडत होता हे खरंच होतं, त्यामुळे नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

"मला माहीत होतं," एलिसा म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षं झाली, मला माहीत होतं की तू हे कधीतरी काढशील. ते माझ्यामुळे झालं."

तिने मग जे सांगितलं ते आजवर तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, कन्फेशनमध्ये कुठल्या फादरांनाही नाही. पीटर आयटीआयला जायचा तेव्हा त्याला दोनच शर्ट होते. एका संध्याकाळी एलिसाने त्यातला एक धुऊन चुलीवरच्या दोरीवर वाळत घातला आणि ती मैत्रिणीशी बोलायला बाहेर गेली. चुलीतलं ओलं लाकूड तडतडलं, निखारे उडाले आणि शर्टाला पाच भोकं पडली. बापाने विचारलं तेव्हा ती घाबरली आणि म्हणाली की वेल्डिंगच्या ठिणग्यांनी जळला. बापाने तो शर्ट उजेडासमोर धरला, भोकांतून पलीकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन नाव काढून आला.

"मी सांगणार होते," एलिसा म्हणाली. "मग तू बँकेत लागलास. घरात सगळे खूश होते. बाबा तर रस्त्यात लोकांना थांबवून सांगायचे. तेव्हा म्हटलं, आता कशाला बोलायचं."

पीटरला आयटीआयचे दिवस आठवले. मास्तर अंगावर जाड एप्रन घालायला लावायचे. एप्रनच्या आतल्या शर्टाला भोकं कशी पडली, हे कोडं त्याला तेव्हाही पडलं होतं. आता ते सुटलं, पण सुटून त्याचं काय करायचं हे त्याला कळेना.

तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली. ऋतिका होती. सकाळी काकांची शील्ड वारंवार उशिरा खाली येताना तिने पाहिली होती आणि कृष्णा सरांनी ओळखीच्या डॉक्टरांना विचारून तिच्याबरोबर थेंब पाठवले होते. पत्ता तिला अर्धवट माहीत होता, म्हणून तिने गावात शिरल्यापासून दिसेल त्याला 'वेल्डिंगवाले पीटर काका कुठे राहतात' असं विचारलं होतं. असा कुणी पीटर इथे नाही, असं चार जणांनी सांगितलं आणि कुतूहलाने ते चौघं तिच्या मागे आले होते. ती दारातूनच म्हणाली की घाबरू नका, दोन दिवसांत बरं होतं, उद्या डॉक्टरांना नक्की दाखवा आणि सोमवारच्या टेस्टला काळा चष्मा लावून या.

"कसली टेस्ट?" रोझमेरीने विचारलं.

"वेल्डिंगची," ऋतिका म्हणाली. मग सगळ्यांचे चेहरे बघून ती थांबली.

रोझमेरीने पदर डोळ्यांवरून काढला. तिने नवऱ्याच्या शर्टाची बाही नाकाशी नेली. कम्प्युटर क्लासहून आल्यावर शर्टांना जळका वास येतो म्हणून गेले तीन महिने ती त्याच्या खिशात विड्या शोधत होती. फादरांनी हळूच मेणबत्ती विझवली.

"म्हणजे तू रडत नव्हतास?" एलिसाने विचारलं.

"नव्हतो."

"मग मी उगाच सांगितलं."

ती हे इतक्या मनापासून म्हणाली की पीटरला हसू आलं. हसता हसता त्याला तो शर्ट आठवला, उजेडासमोर तो धरून उभा असलेला बाप आठवला, आणि चव्वेचाळीस वर्षं हे ओझं घेऊन वाडीत भाजीला पाणी घालणारी ही बहीण दिसली. आणि मग तो खरोखरच रडायला लागला. पण आता कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. रोझमेरी ऋतिकाला थेंब किती घालायचे ते विचारत होती, आणि मागे आलेल्या चौघांपैकी एक जण म्हणत होता की वेल्डिंगचं पाणी असंच असतं, थांबत नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच रोझमेरीने त्याला टेस्टला सोडलं, आणि तेही स्वतः बरोबर जाऊन. ती शेडच्या बाहेर खुर्ची टाकून बसली आणि प्रत्येक टाक्याच्या आधी आतून 'शील्ड' असा ऋतिकाचा आवाज आला की समाधानाने मान हलवत राहिली. रोवेनाने तिकीट काढलंच होतं, ते रद्द न करता ती पुढच्या महिन्यात येऊन पंधरा दिवस राहून गेली. ऋतिका पहिली आली. पीटर नववा आला. पण त्याच्या पट्टीवरून अंगठा फिरवताना कृष्णा सर क्षणभर थांबले, हे त्याने पाहिलं. सातिवलीतल्या एका वर्कशॉपने दोघांनाही बोलावलं. मालकाने ऋतिकाच्या हाती वेल्डिंगचा रॉड धरायचा होल्डर दिला आणि पीटरचा बँकेतला अनुभव ऐकून त्याला ऑफिसातली पंख्याखालची खुर्ची देऊ केली. पीटरने हात जोडून नको म्हटलं. सध्या तो आठवड्यातून चार दिवस ऋतिकाच्या हाताखाली ग्राइंडिंग करतो आणि शनिवारी त्याला टाके मारायला मिळतात.

त्याचं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे एलिसाच्या घराभोवतीच्या वाडीचा गेट. माप त्याचं, कापणी त्याची, सगळे सांधे त्याचे. गेल्या रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर त्याने तो बसवला. बघायला अर्धं गाव जमलं होतं. एलिसा आत उभी राहिली, पीटरने बाहेरून गेट ओढला आणि तो आवाज न करता बंद झाला. लोकांनी वाहवा केली. एलिसाने सांध्यांवरून मातीचा हात फिरवला, मग गेट उघडायला कडी शोधली. ती सापडेना. पीटरने कडी बाहेरच्या बाजूला, आतून हात पोचणार नाही अशी लावली होती.

तो ओशाळला. उद्याच कापून आतल्या बाजूला लावून देतो, असं म्हणाला.

"राहू दे तशीच," एलिसा गजांतून म्हणाली. "रोज सकाळी मला सोडवायला तरी येशील."