लोणच्याच्या बरणीतल्या अळ्या

मेलेल्या अळ्या बघून पेढे वाटावेसे वाटणारा आमच्या आसेगावात एकच माणूस होता, माझे शेजारी किसनआबा. हरभऱ्याच्या शेंड्यावर उलट्या लटकून मेलेल्या काळ्या अळ्या ते चिमट्याने उचलून लोणच्याच्या बरणीत भरत. वाटेत कुणी भेटलं की आधी ‘जयभीम’ आणि लगेच, ‘तुह्या वावरात लटकल्या का?’

हे बाहत्तरच्या दुष्काळानंतरचं. तालुक्याच्या शेतकी साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, की हा अळ्यांचा रोग आहे, विषाणूचा. माणसाला बाधत नाही. मग आबा त्या अळ्या वाटत, पाणी फडक्याने गाळत, ऊन बाधू नये म्हणून त्यात नीळ घालत आणि ऊन उतरलं की फवारत. “उन्हानं हे औषध मरते, मास्तर. लय नाजूक हाय.” पाटा कोणता, हे विचारायचं धाडस मला झालं नाही, मी त्यांच्याकडची चटणी मात्र सोडली.

या खटाटोपामागे त्यांची लेक होती. आदल्या साली माहेरी आलेल्या शांताने आबांच्याच, किडीची विषारी पावडर मारलेल्या वावरातला पाला खुडून तेल-तिखटाचा कच्चा घोळाणा केला. तो खाऊन तिचा मुलगा निपचित पडला. वाचला, पण केनवडच्या जावयांनी बजावलं, “हरभऱ्याच्या दिवसांत शांता आता येनार नाई.” आबा म्हणाले, “बिनपावडरीचा हरभरा पिकवतो, मंग बोला.”

फवारल्यावर चार दिवस अळ्या मजेत चरत होत्या. गाव बांधावर येऊन हसलं. “आबा, पाहुणचार करून राह्यले का?”

“दम धरा. बिमार पडून राह्यल्या त्या.”

सहाव्या सकाळी शेंड्याशेंड्यावर अळ्या लटकल्या होत्या. हसणाऱ्यांच्याच बायका विरजण मागावं तशा वाट्या घेऊन आबांच्या दारात उभ्या! आबांनी बरणी रिकामी केली.

पण केनवडला पत्र लिहायचं म्हटलं की ते ‘थांबा’ म्हणत. आठवड्याने स्वतःच आले. “लिहा आता, मास्तर. आठ दिवस रोज मूठभर कच्चा पाला खाल्ला. मले काईच झालं नाई.”

अख्ख्या तालुक्यात असा शेजारी कुणाला नव्हता, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

शांता आली. वावरातच तिने पाला खुडला, धुतला, घोळाणा केला आणि पहिला घास मुलाला भरवला. आबांनी तोंड फिरवलं आणि ते स्वच्छ शेंड्यांवर अळ्या शोधू लागले.