इस्तारी काकाजींचा नंबर

आमच्या शेजारचे इस्तारी काकाजी दवाखान्यात पोचतात नऊ वाजता. त्यांची चप्पल मात्र सहालाच पोचलेली असते.

जोडी नाही, एकच चप्पल. आमच्या लाखांदुरात नागपूरचे एक मोठे डॉक्टर दर पंधरा दिवसांनी गुरुवारी येतात आणि दुपारी दोनला परत जातात. नऊला कम्पाउंडर शटर उघडतो आणि ओट्यावर ज्या क्रमाने चपला मांडलेल्या असतील, त्या क्रमाने वहीत नावं लिहितो. तोवर माणसं बसस्टँडवर चहा पितात आणि त्यांच्या चपला रांगेत थांबतात. ही पद्धत कोणी काढली ठाऊक नाही, पण तिच्यावरून कधी भांडण झाल्याचं ऐकलं नव्हतं.

काकाजींनी या पद्धतीचं शास्त्र केलं. त्यांच्याकडे एकेकट्या चपलांनी भरलेलं एक पोतं आहे. कोणाचा अंगठा तुटलेला, कोणाला निळी वायर बांधलेली, कोणाला बैलाच्या गोंड्यातला लाल धागा. गल्लीत कोणाला दवाखान्यात जायचं असलं की काकाजी पहाटे फिरायला जाताना त्याच्या नावाची एक चप्पल नेऊन ठेवतात. मी एकदा विचारलं, "काकाजी, एकच काहून?"

"जोडी चोरीले जाते, मास्तर. एकट्या चपलेले चोर पुसत नाई."

मी बावीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवतो; हे उत्तर तपासून पाहिलं, बरोबर होतं.

काकाजींनी सारी नोकरी पाटकरी म्हणून केली. तलावाचं पाणी कालव्यातून शेतांना बारीबारीनं सोडायचं, कोणी मध्येच बांध फोडला तर त्याला शिव्या घालायच्या आणि शेवटच्या बांधीला, म्हणजे धानाच्या तुकड्याला, पाणी पोचेपर्यंत घरी जायचं नाही, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी बारी त्यांच्या अंगातून गेली नाही. लग्नाच्या पंगतीतही ते वाढप्याला सांगतात, "आंधी शेपटाकडं जा. मुंडक्याकडचे बराबर घेतेत."

पण नंबर लवकर लागणं हे अर्धंच काम, असं त्यांचं म्हणणं. खरा वेळ आत जातो. डॉक्टर विचारतात, काय होतं? आणि आपला माणूस सुरुवात करतो जावयाच्या घरच्या जेवणापासून. म्हणून काकाजी ओट्यावरच पेशंटांची तालीम घेतात. "तीन गोष्टी सांग. काय होते, कवापासून होते, कोन्ती गोळी चालू हाय. बस. बाही आंधीच वर कर. जुन्या चिठ्ठ्या नवी वर, जुनी खाली. जीभ दाखवाची असन त लाजू नोको." एका म्हाताऱ्या बाईला त्यांनी इतकं पक्कं केलं होतं, की डॉक्टरांनी "बसा आजी" म्हणताच तिने जीभ काढली.

मी या तालमीत कायम नापास. डॉक्टरांसमोर बसलो की मला प्रस्तावना केल्याशिवाय राहवत नाही. आमच्या घरात तर मत ठरलेलं आहे. बायको म्हणते, "तुमी गेले का अर्धा दिवस जाते. काकाजीची चप्पल गेली का दहा वाजता चिठ्ठी घरी. पुढच्या खेपेले चप्पलच धाडू, तुमी घरीच राहा."

आता त्या गुरुवारची गोष्ट. माझ्या आईला फिट येतात. गोळी चालू असेल तर काही होत नाही. चुकली तर सांगता येत नाही. आणि ती आणायचं काम माझ्याकडे. बुधवारी संध्याकाळी पाकीट उघडून पाहतो तर आत नुसता चंदेरी कागद आणि एक गोळी. मेडिकलवाला म्हणाला, "सर, ही गोळी जुन्या चिठ्ठीवर नाई देता येत. नवी आना." म्हणजे गुरुवार चुकला की पंधरा दिवस, नाही तर आईला घेऊन थेट नागपूर. बायकोने ते पाकीट माझ्या हातात परत ठेवलं.

मी काकाजींकडे धावलो. ते म्हणाले, "चवथा नंबर पकड. साडेनवाले चिठ्ठी."

सकाळी आम्ही ओट्यावर पोचलो आणि काकाजी जागच्या जागी थांबले. दवाखान्यात त्या दिवसापासून झाडलोटीला नवीन बाई लागली होती. कामाची, नीटनेटकी. तिने ओटा धुऊन सगळ्या चपला जोडी-जोडीने भिंतीला सुंदर मांडून ठेवल्या होत्या. आकाराप्रमाणे, लहानाकडून मोठ्याकडे. आणि ज्यांना जोडी नव्हती त्या कामाच्या नाहीत म्हणून कचऱ्याच्या टोपल्यात.

चाळीस माणसं, आणि रांग नाही. जो तो "मी पयला, मी पयला" करू लागला. कम्पाउंडर वही उघडून बसला होता आणि पेनाचं टोपण चावत होता.

काकाजींनी हात वर केला. "थांबा. मी सहाले पायलं, अन् फिरून येताना आठालेबी पायलं हाय सारं." आणि एकेका जोडीपाशी जाऊन सांगू लागले. "हे काळे बूट पयले. खोकल्यावाले बाप्पा, या. ही लाल पट्ट्याची तिसरी, लेकरू घेतलेली बाई. हे टायरचे पाचवे." कोणत्या बांधीनंतर कोणती बांधी भरायची, तसं. दहा मिनिटांत रांग उभी राहिली. कोणीही "नाही" म्हटलं नाही.

मग रांगेतल्या एका शेतकऱ्याने विचारलं, "अन् काकाजी, तुमच्यावाल्या कुठं हायत?"

"टोपल्यात."

"मंग कचऱ्याचा नंबर कोन धरन?" माणसं हसली.

काकाजींनी नुसतं "चवथा" म्हटलं असतं तरी सगळ्यांनी मानलं असतं. मी त्यांच्याकडे तशा नजरेने पाहतही होतो. ते म्हणाले, "बराबर हाय. ज्याची खूण नाई, तो शेपटाले." आणि कम्पाउंडरने माझं नाव एकोणचाळिसावं लिहिलं. दोनपर्यंत पंचवीससुद्धा होत नाहीत. त्या क्षणी जगात मला सगळ्यांत नकोसा माणूस म्हणजे इस्तारी काकाजी.

भिंतीजवळ बायकांच्या चपलांची एक जुनी जोडी उरली होती, नीट पुसलेली. कम्पाउंडरने विचारलं, "दुसरा नंबर अजून यायचाच आहे का?"

"हाव," काकाजी म्हणाले. "लिव्हा. कौतिकाबाई."

पहिला पेशंट बाहेर आला. कम्पाउंडरने मोठ्याने पुकारलं, "दुसरा नंबर, कौतिकाबाई." कोणी बाई उठली नाही. काकाजी उठले, "हाव" म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "जा आत."

"अहो, पण त्या बाई येतील ना?"

"नाई येत. जा तू. तीन गोष्टी."

मी रांगेकडे पाहिलं. कोणीतरी ओरडेल असं वाटलं. पण टायरच्या चपलांवाला म्हणाला, "जा ना सर. तो नंबर असाच असते. ज्याले लई गरज, त्याले भेटते."

आत मी काय केलं ते सांगायला नको, तरी सांगतो. बाही वर केली. डॉक्टर म्हणाले, "फिट आईंना येते ना?" मी बाही खाली केली. पण चिठ्ठी मिळाली, आणि मी ती तिथेच दोनदा वाचून खिशात ठेवली.

बाहेर आलो तर काकाजी ओट्यावर बसून ती जोडी पिशवीत ठेवत होते. मी शेजारी बसलो. "काकाजी, या कौतिकाबाई कोण?"

"तुही काकी."

काकी जाऊन तीन वर्षं झाली. बारा वर्षं आमची भिंतीला भिंत. त्यांच्या हातचं खाल्लं, त्यांच्या मयतीला गेलो, आणि त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. आमच्यासाठी त्या काकी होत्या.

"चाळीस वर्सं संगं रायली," काकाजी रस्त्याकडे पाहत म्हणाले. "मी कधी नावानं हाक नाई मारली. 'अवो' मनो, नाई त 'आयकते का' मनो. आमच्यात तसंच होतं. मंग तिच्या दुखण्यात अथी दवाखान्यात आनलं. कम्पाउंडरनं पुकारलं अन् ते उठली. मले वाटलं, कितीक चांगलं नाव हाय."

त्यांनी पिशवीची गाठ मारली.

"आता घरात कोन घेते तिचं नाव? अथी पंधरा दिवसांतून एक डाव पुकारते तो. अन् मी 'हाव' मनतो."