शेवटच्या वळणावरचे कारखानीस

कारखानीस कुणालाही ‘कसे आहात’ असं विचारत नसत. ते विचारत, ‘‘एन्ट्री किती?’’ पुण्याहून आलेल्या नव्या इंजिनियरनं हात पुढे केला की हे आधी त्याचा पासपोर्ट मागत आणि चष्मा कपाळावर चढवून व्हिसावरचा तो रकाना वाचत. चेक सीमेवर तेव्हा चौकी होती आणि आमचं बव्हेरियातलं गाव तिथून जेमतेम वीस किलोमीटरवर. ‘‘आल्झो,’’ ते जर्मन थाटात ‘तर मग’ म्हणून बजावत, ‘‘एकच एन्ट्री आहे. बाहेर पडलात की संपलं!’’

कंपनीत ते गिअरबॉक्सचं काम बघत. रविवारी मात्र त्यांचा मुक्काम सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चौकीआधीच्या शेवटच्या वळणाशी. घडीची खुर्ची, थर्मास आणि उन्हाळ्यातसुद्धा माकडटोपी. रस्ता इतका शांत की तासाला चार गाड्या गेल्या तर खूप. त्यातल्या एखादीत आपलं माणूस दिसलं, की हे मधोमध हात पसरून उभे! आम्ही त्यांच्यामागे यथेच्छ हसायचो.

मग माझी आई तीन महिन्यांसाठी आली. पंधरा दिवस झाले नाहीत तोच मला हुक्की आली, तिला आणखी एक देश दाखवू या. चौकीवर विनंती करू, पलीकडे पाय टेकवू आणि परत येऊ. इंजिनियर माणसाचा हा बेत! वळणावर अर्थातच कारखानीस आडवे आले.

‘‘काकूंचा पासपोर्ट.’’ त्यांनी तो पाहिला आणि माझ्यावरच उखडले, ‘‘आपटे, एकच एन्ट्री आहे! बाहेरचा शिक्का बसला की यांना परत आत घेणार नाहीत. मग कुठे नेणार होतात?’’

मी घाईघाईनं गाडी कडेला घेतली. आई मात्र शांतपणे खाली उतरली. ‘‘दर रविवारी इथे उभे राहता? घरचे काही म्हणत नाहीत?’’

कारखानीसांनी थर्मासच्या झाकणात तिला चहा ओतून दिला.

‘‘घरी कोणी नाही, काकू. हिला मी असाच पलीकडे जेवायला नेलं होतं. चेक व्हिसा नीट काढला, जर्मन व्हिसावरचा रकाना तेवढा बघितला नाही. येऊन चारच दिवस झाले होते तिला. परत सोडेनात, म्हणून प्रागहूनच विमानात बसवलं. महिन्याभरात येते म्हणाली. नवा व्हिसा मिळाला, पण त्याच्या आठ दिवस आधी सांगलीला हार्ट अटॅकनं गेली.’’

आम्ही तिथूनच मागे फिरलो. आई पुढे अडीच महिने माझ्याकडे राहिली. ते मला कारखानीसांनी दिले, स्वतःच्या वाट्याला न आलेले.