बोरगव्हाणचा निवडणुकीपुरता पूल

बोरगव्हाण (उपनगर) हा विधानसभा मतदारसंघ आदिलाबाद शहराच्या कडेला आहे. त्यातली पैलपेठ ही वस्ती नाल्याच्या पलीकडे आहे, म्हणून तिचं नाव पैलपेठ. आमच्या बाजूनं पाहिलं तर शहरच पैल पडतं, पण नाव ठेवताना आम्हाला कोणी विचारलं नाही. या नाल्यावर पूल आहे का, याचं सरकारी उत्तर ‘आहे’ असं आहे, आणि सरकार खोटं बोलत नाही. तो पूल फक्त मतदानाच्या तोंडावर येतो आणि मतदान झालं की जातो, एवढंच.

याचा इतिहास सांगणं भाग आहे. निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद संस्थान हिंदुस्थानात आलं, आणि पहिली निवडणूक लागली. मतपेट्या बैलगाडीत घालून आणल्या, तर बैल नाल्याच्या काठी अडले. बैलांना लोकशाही समजावून सांगणारा अधिकारी तेव्हा नेमलेला नव्हता. मग कचेरीच्या पेशकारानं सागाच्या फळ्या टाकून वाट करून दिली. मतदान झालं, पेट्या परत गेल्या आणि त्यांच्यामागून फळ्याही गेल्या, कारण फळ्या ‘निवडणूक साहित्य’ या सदरात आल्या होत्या. साहित्य जमा करावंच लागतं. पुढं फळ्यांच्या जागी सिमेंटचे पाइप आणि त्यावर मुरूम असा रपटा आला. सदर मात्र तेच राहिलं.

पक्क्या पुलासाठी आमच्या बापजाद्यांनी दरखास्त दिली होती. तिची मिसल, म्हणजे फाइल, उर्दूत तयार झाली. मंजुरीवर सही व्हायची तेवढी राहिली होती, तोच राज्यांची पुनर्रचना झाली. मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही इथंच राहिलो, आणि आमची मिसल भलत्या गठ्ठ्यात बसून औरंगाबादेकडे गेली. नवीन मिसल तेलुगूत झाली. ती वर चढेपर्यंत मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या. मग दर थोड्या वर्षांनी बदलतच राहिल्या. आम्ही ज्याला निवडून द्यावं तो पुढच्या खेपेला दुसऱ्याच वस्तीचा आमदार असायचा, आणि आमच्या वाट्याला आलेला म्हणायचा, “तुमी मला कुठं मत दिलं होतं?” शेवटी शहर वाढलं आणि नगरपालिकेनं आम्हाला पोटात घेतलं. घरपट्टी लगेच नाला ओलांडून आली. तिला पूल लागला नाही!

आता नागोरावाचं सांगतो. नागोराव आमचा शेजारी, कापूस-ज्वारीवाला, बोलायला तापट. त्याची लेक रुख्मिणी गुणाची, शिकलेली, शिलाईत हात असा की शहरातल्या बाया नाला ओलांडून झंपर शिवायला यायच्या. उन्हाळ्यात यायच्या, अर्थात. तिला बघायला येणारे पाहुणेही यायचे. नाल्यापर्यंत यायचे, पाण्याकडे बघायचे, एकमेकांकडे बघायचे आणि “कळवतो” म्हणून तिथूनच परत जायचे. किती स्थळं अशी काठावरून गेली, ते नागोरावाची बायको जयवंताबाईच जाणे.

मग मुधोळच्या शामरावांच्या मुलाचं जुळलं. मुलगा सुधाकर सरकारी दवाखान्यात औषधं देणारा. त्यानं रुख्मिणीला एका लग्नात पाहिलं होतं, तिनंही त्याला पाहिलं होतं, आणि दोघांनी ठरवून टाकलं होतं. शामराव सज्जन माणूस. नाल्याच्या पलीकडे उभं राहून त्यांनी मोठ्यानं सांगितलं, “नागोराव, आमाला देणंघेणं काही नको. फक्त पूल पायजे. आमच्या घरच्या बाया लुगडे वर खोचून लग्नाला येणार नाईत. या देवशयनीच्या आत पूल झाला तर लगन, नाही तर पोराला दुसरी पोरगी पाहून राह्यलो.”

शहरात मंगल कार्यालय घे, असं कोणीतरी नागोरावाला सुचवलं. तो भडकलाच. “दारचा मांडव सोडून लेकीचं लगन भाड्याच्या हॉलात लावू? अन् घरचं देवक काय नाल्यातून पोहवत नेऊ?”

मशीनवर बसलेल्या रुख्मिणीनं एका झंपराला उलटी बाही लावली. जयवंताबाईनं ते पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, “पोरगी मनानं तिकडं गेली हाये. आता तुमी पूल आणा, नाही तर आभाळ आणा.”

पाऊस लागला होता, आणि लग्नं बंद होणाऱ्या देवशयनी एकादशीला दीडच महिना उरला होता. पूल फक्त निवडणुकीला येतो. म्हणजे निवडणूक आणायची! इतकं सरळ गणित होतं, पण ते सुचायला मुलीचा बापच लागतो. नागोराव मला घेऊन आमदार हणमंतरावांच्या बंगल्यावर गेला. वेगळ्या तेलंगणासाठी आमदारांनी राजीनामे देण्याचे ते दिवस होते. एखाद्यानं राजीनामा दिला की पोटनिवडणूक, मिरवणूक आणि आधीपेक्षा मोठा विजय. काही आमदारांचे दोन-दोनदा देऊन झाले होते. आमच्या हणमंतरावांनी मात्र एकदाही दिलेला नव्हता, त्यामुळे सभांमध्ये त्यांना खुर्ची जरा मागं मिळायची.

“साहेब, एक राजीनामा पायजे होता,” नागोराव म्हणाला.

“कोणाचा?”

“तुमचाच.”

हणमंतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. “आजवर पुष्कळांनी मागितला, पण असा हात जोडून कोणी नाही मागितला. काऊन पायजे?”

“लेकीचं लगन हाये.”

“कधीपर्यंत?”

“देवशयनीच्या आत मतदान पडलं पायजे, बस.”

हणमंतरावांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, डोळे भरून आणले आणि म्हणाले, “जनतेसाठी मी काय नाही करणार?” दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा हार घातलेला फोटो होता. तारीख लागली ती नेमकी देवशयनीच्या दोन दिवस आधीची. पैलपेठेत नागोरावाच्या दारी मांडवाच्या बल्ल्या पडल्या. रुख्मिणीनं उलटी बाही उसवून सरळ लावली.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग तहसीलदार माणिकराव यांनी आम्हाला बोलावलं. ते कायद्याला धरून चालणारे गृहस्थ. हसू आलं तरी आधी परिपत्रक बघायचे.

“मतदानाच्या दिवशी जेवणावळ आहे असं कळलं.”

“लगन हाये, साहेब.”

“जेवणार कोण?”

“वस्तीतले.”

“म्हणजे मतदार. मतदारांना जेवण घालणं म्हणजे प्रलोभन. नवरदेव कुठला?”

“मुधोळचा.”

“म्हणजे बाहेरचा. प्रचार संपल्यावर बाहेरच्या माणसाला मतदारसंघात थांबता येत नाही.”

“अहो, तो प्रचाराले नाही, लग्नाले येऊन राह्यला!”

“घोषणा देणार का?”

“कसल्या घोषणा? भटजी ‘शुभमंगल सावधान’ म्हणतील.”

माणिकरावांनी पेन खाली ठेवलं. “सावधान? हा मतदारांवर दबाव आहे. शिवाय रपटा फक्त मतदार, कर्मचारी आणि मतदान यंत्र यांच्यासाठी आहे. नवरदेव यांपैकी कशातच बसत नाही.”

नागोराव उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि तेच मला जास्त लागलं. “साहेब, तिच्या लग्नासाठी एक आमदार खर्ची टाकला मी. आता तुमी म्हणता पूल हाये पण नवरदेवासाठी नाही. मग घरी जाऊन पोरीले काय सांगू?”

माणिकराव बराच वेळ परिपत्रक चाळत राहिले. त्यांनाही दोन मुली होत्या. शेवटी त्यांनी वर न बघता सांगितलं, “मतदान संपलं की जेवणावरचं आणि बाहेरच्या माणसावरचं बंधन संपतं. यंत्र सीलबंद होऊन नाल्यापार जाईपर्यंत रपटा राहतो. या दोहोंच्या मध्ये जे होईल, त्याबद्दल परिपत्रकात काही लिहिलेलं नाही.”

भटजींनी पंचांग काढलं. गोरज मुहूर्त बरोबर त्या फटीत बसला. पंचांगाला सरकारचा इतका धाक असेल असं मला वाटलं नव्हतं!

मतदानाच्या दिवशी मुधोळचं वऱ्हाड दुपारपासून पलीकडच्या काठावर छत्र्या उघडून बसलं होतं. सुधाकर बाशिंग बांधून पोलिसाशेजारी उभा. मतदान संपल्याची घंटा झाली आणि अख्खं वऱ्हाड रपट्यावरून पळत आलं. शामरावांची बायको पळताना म्हणत होती, “पाहा बाप्पा, पाय कोरडे!” इकडं शाळेत यंत्राला सील लागत होतं, तिकडं मांडवात अंतरपाट धरला होता. केंद्राध्यक्षांनी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. जयवंताबाईनं त्यांना पंक्तीत बसवलं, यंत्र शेजारच्या खुर्चीवर ठेवलं, आणि अक्षता त्या दोघांवरही पडल्या. तिसऱ्यांदा जिलबी वाढेपर्यंत लग्न लागलं होतं.

बाहेर पाइप उचलणाऱ्या ठेकेदाराचा हॉर्न सुरू झाला. नियमाप्रमाणे यंत्र पुढं निघालं, त्याला पोलीस बंदोबस्त, मागून वरात. लेक सासरी चालली म्हणून बाया रडत होत्या. पलीकडून पाहणाऱ्याला वाटलं असेल की या वस्तीचं मतदान यंत्रावर फार प्रेम आहे. रुख्मिणी पलीकडच्या काठावर उतरली तशी ठेकेदाराच्या माणसांनी मागचा पाइप उपसला. नागोराव अलीकडून हात हलवत उभा होता. रडत होता आणि हसतही होता.

हणमंतराव दणक्यात निवडून आले. पण खरा परिणाम वस्तीवर झाला. ज्यांच्या घरी लग्नाची मुलं होती, ते सगळे हिशेबाला लागले. पुढची सार्वत्रिक निवडणूक आली तेव्हा दोन उमेदवार पैलपेठेत सभा घेऊन गेले. पहिल्या चारुशीलाबाई, शहरातल्या कॉलेजात शिकवणाऱ्या, अपक्ष. त्यांनी हैदराबादला खेटे घालून पुलाची मिसल शोधून काढली होती, इंजिनिअर आणून नाला मोजला होता. एप्रिलचं ऊन होतं, नाल्यात पाण्याचा थेंब नव्हता, तरी शेजारी निवडणुकीचा रपटा टाकणं चालू होतं.

“मी एकच काम करीन,” बाई म्हणाल्या. “पक्का पूल. वेळ लागेल, पण एकदा झाला की तो कोणी उचलून नेणार नाही.”

दुसरे हणमंतराव. ते म्हणाले, “वेळ लागेल असं मी म्हणणार नाही. दर लगीनसराईला एक राजीनामा देईन. लिहून घ्या!”

टाळ्या थांबेनात. तीन पोरं लग्नाला आलेला भगवानराव तर उठून उभाच राहिला. “बाईचा पूल होईन तवा होईन. साहेबाचा राजीनामा हातचा हाये! अन् पक्का पूल झाला तर साहेब इकडं येतील कायले?” चारुशीलाबाईंची अनामत जप्त झाली. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, “तुमच्या मुली माहेरी कशा येणार, याचा विचार केला का?” बाईंना राजकारण कळत नाही, यावर वस्तीचं एकमत झालं.

जूनमध्ये वेगळं तेलंगणा राज्य झालं. आम्हीही फटाके उडवले. फटाके संपल्यावर भगवानराव मोठ्या पोराचा मुहूर्त घेऊन हणमंतरावांकडे गेला, तर ते म्हणाले, “भगवानराव, राज्य मिळालं. आता राजीनामा कशासाठी देऊ? लोक हसतील मला.”

आणि त्याच पावसाळ्यात रुख्मिणीचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून जयवंताबाईनं डिंक आणला होता, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती, खोली सारवली होती. पण नाल्याला जे पाणी आलं ते उतरेना. शामराव म्हणाले, “भरल्या पोटाची पोर मी त्या पाण्यात घालणार नाही.” त्यांचं काय चुकलं? बाळंतपण मुधोळला झालं. मुलगी झाली.

बाळ महिन्याचं झालं तेव्हा रुख्मिणीला राहवेना. सुधाकर तिला रिक्षात घालून नाल्यापर्यंत घेऊन आला. पलीकडे ती, अलीकडे जयवंताबाई, मध्ये गढूळ पाणी. रुख्मिणीनं बाळाला दोन्ही हातांवर उंच धरलं.

“कोनावर गेली गं?” जयवंताबाई ओरडली.

“तुझ्यावर!”

“काय?”

“तुझ्यावर गेली, माय!”

पाण्याच्या आवाजात तिला ऐकू आलं की नाही, कोण जाणे. दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी हलतंय एवढंच इथून दिसत होतं. बाळ रडायला लागलं तशी रुख्मिणी त्याला पोटाशी धरून रिक्षात बसली. रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी जयवंताबाई तिथंच उभी होती, हातात शिवलेल्या दुपट्यांची घडी. मग ती नवऱ्याकडे वळली.

“एक सांगता? एप्रिलात तुमी मत कोनाले टाकलं?”

नागोरावानं पाण्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. घसा खाकरला.

“मतदान गुप्त असते,” तो म्हणाला.

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. फक्त तुमच्या गल्लीत डांबर कोणत्या महिन्यात पडलं आणि पहिल्या पावसात ते कुठं गेलं, एवढं आठवा. आणि घरच्यांनी विचारलंच तर त्या वर्षी मत कोणाला दिलं होतं, ते त्यांच्या तोंडाकडे बघून सांगून पाहा.