साळवे आप्पा आणि तिऱ्हाईत

‘मला हे मान्य आहे’ असं लिहिलेल्या बारक्या चौकोनात खूण करायला माझ्या नेट कॅफेतल्या कुठल्याही माणसाला अर्धा सेकंद लागायचा. साळवे आप्पांना चार दिवस लागले.

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर, एका झेरॉक्सच्या दुकानावर माझे पाच कॉम्प्युटर होते. त्यातला बरा चालणारा एकच, कोपऱ्यातला, आणि तो आप्पांनी चार दिवस अडवून ठेवला. त्यांना ईमेलचं खातं उघडायचं होतं. त्या चौकोनाच्या वर बारीक इंग्रजीत जो लांबलचक मजकूर असतो, जो लिहिणाऱ्यानंही पुन्हा वाचला नसेल, तो आप्पा पडद्यावर बोट ठेवून, मांडीवर फाटका शब्दकोश घेऊन, ओळीनं वाचत होते. जिन्यात पोरांची रांग लागली होती. निकाल लागले होते, प्रवेश सुरू होते, आणि आप्पांचं आपलं कलम सहा चाललं होतं.

“आप्पा, खूण करा आणि पुढं चला. सगळे तेच करतात.”

“सगळ्यांनी अंगठं दिलं म्हणून आपण द्यायचं का? हितं लिवलंय, तुमची माहिती आमी थर्ड पार्टीला देऊ. म्हंजी तिऱ्हाइताला. पयला मी, दुसरं हे कंपनीवालं. आता ह्यो तिऱ्हाईत कोण?”

“असतो कुणीतरी. जाहिरातवाला.”

“नाव काय त्याचं?”

“मला काय माहीत?”

“तुला म्हाईत न्हाई, मला म्हाईत न्हाई, आन् खूण मातर म्या करायची.” एवढं बोलून ते कलम सातकडे वळले.

आप्पा मांडवगण फराट्याला अडतीस वर्षं पोस्टमन होते. बायको गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर शिरूरला मार्केट यार्डामागे दोन खोल्यांत एकटे राहायला आले. खाकी पिशवी सुटली नाही. त्या पिशवीत शब्दकोश, चष्मा, डिंकाची बाटली आणि सुतळी. डिंकाची बाटली घेऊन नेट कॅफेत येणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुठलीही वेबसाईट उघडली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “पाकीट चिकटवल्यालं हाय का उघडं?” मग खाली कोपऱ्यात कुलपाचं चित्र दिसतंय का ते बघायचं. कुलूप दिसलं तर चष्मा नीट करायचा, नाही दिसलं तर खुर्ची मागे सरकवायची. गावातल्या निम्म्या बायकांची पत्रं त्यांनी वाचून दाखवली होती, पण एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात गेली नाही, असं मांडवगणची माणसं सांगायची. पोस्टकार्ड तर उघडंच असतं, तेसुद्धा आप्पा पालथं धरून न्यायचे म्हणे.

चौथ्या दिवशी खूण झाली, पण पुढं फॉर्म होता. जन्मतारीख. आप्पांनी एक जून लिहिली. शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली; आमच्याकडे अर्धा तालुका एक जूनला जन्मलेला आहे, मीही त्यातलाच. पुढल्या वर्षी एक जूनला त्या कंपनीनं फुग्यांच्या चित्रासकट शुभेच्छा पाठवल्या, तेव्हा आप्पा म्हणाले, “ज्या दिशी जल्माला आलोच न्हाई, त्या दिशीचा सत्कार. असलं ह्यांचं माहितीचं काम.”

फॉर्ममध्ये आणखी एक रकाना होता. पासवर्ड विसरलात तर ओळख पटवायला गुप्त प्रश्न: आईचं माहेरचं आडनाव काय? आप्पांनी मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच विचारलंय.

“माझ्या आईचं म्हायार इचारतंय हे. सोयरीक जुळवायची हाय का?”

“आप्पा, ते फक्त ओळखीसाठी.”

“वळखीसाठी माणूस नाव इचारतं, गाव इचारतं. आजोळपातुर गेलं म्हंजी त्याच्या घरात लग्नाचं पोरगं हाय.”

त्यांनी खोटंच काहीतरी लिहिलं आणि ते कुणाला सांगितलं नाही. मग पासवर्ड एका कागदावर लिहिला, कागद पाकिटात घातला, पाकीट डिंकानं चिकटवलं, वरून लाखेचं सील केलं, आणि स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं धाडून दिलं. पोचपावतीसह. पाकीट दोन दिवसांनी घरी आलं आणि ट्रंकेत गेलं. महिन्याभरात पासवर्ड डोक्यातून गेला.

“मग पाकीट फोडा.”

“फोडल्यावर ते गुपित ऱ्हाईल का?”

गुप्त प्रश्नाकडे वळलो, तर आईचं कुठलं खोटं माहेर लिहिलं होतं तेही आठवेना. शेवटी नवं खातं. आणि नवं खातं म्हटल्यावर तो सगळा मजकूर पुन्हा पहिल्यापासून, कारण “मधी त्यांनी बदलला असंल तर?” (मला कबूल करायला आवडत नाही, पण दोन ओळी खरंच बदललेल्या होत्या.) मी कपाळावर हात मारून घेतला. आप्पा स्वतःशीच पुटपुटले, “आता नवा पत्ता कळवाया लागंल.” कुणाला, ते मी विचारलं नाही. रांग जिन्याच्या खाली गेली होती.

त्यानंतर दोन वर्षं मंगळवार-शुक्रवार आप्पा यायचे, खातं उघडायचे, बघायचे आणि बंद करायचे. एक मेल त्यांनी कधी कुणाला पाठवली नाही. येणाऱ्या सगळ्या जाहिराती. “आला बघ तिऱ्हाईत,” म्हणायचे आणि एकेक पुसून टाकायचे. मला एक खोड होती, गिऱ्हाइकांच्या पाठीमागून फिरताना पडद्यावर नजर टाकायची. वाईट हेतू नव्हता, बसून बसून कंटाळा यायचा. माझी चाहूल लागली की आप्पा मॉनिटरचं बटण दाबून पडदा काळा करायचे आणि मी पुढं गेलो की पुन्हा लावायचे. पाच रिकाम्या जाहिरातींसाठी एवढा बंदोबस्त. मला त्याचा फार राग यायचा.

मग वरून हुकूम आला की नेट कॅफेवाल्यांनी रजिस्टर ठेवायचं. नाव, गाव, फोन नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. मी जाड वही आणली. आप्पांनी ती उघडली, पानावरची वीस नावं बघितली आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन आले. पानाएवढा पुठ्ठा, मधोमध ब्लेडनं कापलेली एक ओळीची खाच. पुठ्ठा पानावर ठेवायचा, खाचेत आपली ओळ लिहायची. वरच्या माणसाचं नाव खालच्याला दिसायचं नाही.

“हे प्रत्येकाला वापराया लाव.”

“आप्पा, लोक हसतील मला.”

“हसू दे. हसायला कुणाचा फोन नंबर लागत न्हाई.”

हसले लोक. पण आप्पा असेपर्यंत पुठ्ठा वापरावा लागायचा, आणि ते गेले की मी तो ड्रॉवरमध्ये टाकायचो.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आवडत नाही.

त्या वर्षी लाइटचा खेळखंडोबा होता. दिवसातून दोनदा जायची, आणि गेली की पाचही कॉम्प्युटर आडवे. माझ्या ओळखीचा एक कॉम्प्युटर क्लासवाला होता, त्याच्याकडे जादाचा जुना यूपीएस होता. तो म्हणाला, यूपीएस घेऊन जा, तुझं रजिस्टर मला एक दिवस दे, पोरांचे नंबर उतरवून घेतो, कोर्सची माहिती द्यायला. मी दिलं. मला त्यात काही वाटलं नाही. नुसती नावं आणि नंबरच तर होते.

पुढच्या शुक्रवारी आप्पा आले ते खुर्चीवर बसलेच नाहीत. सरळ माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

“रजिस्टर कुणाला दिलं हुतंस?”

आप्पांच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर जयश्री नावाची एक मुलगी बसायची, नदीपलीकडच्या गावातली. बारावी झालेली, इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी येणारी. अडलेला इंग्रजी शब्द आप्पा तिला विचारायचे. तिच्या घरी फोन नव्हता, म्हणून वहीत तिनं गावातल्या किराणा दुकानाचा नंबर दिलेला. क्लासवाल्यानं तिथं फोन करून सांगितलं की तुमची मुलगी मंगळवारी-शुक्रवारी दोन-दोन तास नेट कॅफेत असते, तोच वेळ आमच्या कोर्सला द्या. दुकानात चार माणसं बसलेली. दोन-दोन तास नेट कॅफेत, एवढंच गावभर झालं. बापानं तिचं शिरूरला येणं बंद केलं. हे आप्पांना तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. कुठलं कॉलेज हवं ते भरायची मुदत दोन दिवसांवर आली होती.

“गाडी काढ,” आप्पा म्हणाले.

“मी कशाला? तुम्ही समजावा त्यांना. तुमचं ऐकतील.”

“ऐकत्याल. पण माझ्याकडं सांगायसारखं काय न्हाई. तुझ्याकडं हाय.”

कॅफेला कुलूप लावून, आप्पांना मोपेडवर मागे बसवून मी निघालो. रस्ताभर मी चिडलेलोच होतो. जयश्रीचे वडील, भिवाजी, पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायचे, आता नदीकाठी थोडी शेती करत होते. गोठ्यासमोर उभे होते, बसा म्हणाले नाहीत.

“माझ्या पोरीचं नाव त्या मानसाला दिलं कुनी?” त्यांनी आप्पांना विचारलं. आप्पांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

“मी,” मी म्हणालो. “ती अभ्यासालाच यायची. कॉलेजच्या याद्या बघायला. बाकी काही नाही. चूक माझी आहे.”

भिवाजी म्हणाले, “ईस वरीस मेंढरं राखली म्या. दुसऱ्याचं कोकरू माज्या कळपात आलं, तर त्याला न इचारता कवा कुनाला दिलं न्हाई.”

मला मान वर करता आली नाही. दुसऱ्या दिवशी ते जयश्रीला घेऊन आले. तिचा फॉर्म पूर्ण होईपर्यंत शेजारी बसून होते, आणि जाताना पुठ्ठ्याच्या खाचेत स्वतःचं नाव सावकाश लिहून गेले.

पण आदल्या संध्याकाळी, त्यांच्या घरून परत येताना आप्पा मोपेडवर मागून बोलायला लागले. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच बोलले असावेत.

“सगळी म्हणत्यात, साळव्यानं कुणाचं पाकीट फोडलं न्हाई. एक फोडलंय.”

मी गाडी हळू केली.

“माझ्या पोरीचं, सुमनचं. एका पोराचं पत्र आलं तिला. पिशवीत दिसलं. वाटंतच फोडलं. आन् नुसतं वाचलं न्हाई, घरी आल्यावर चार पावनं बसल्यालं, त्यांच्याम्होरं मोठ्यानं वाचून दाखवलं. गावाची वाचायचो तसं. ती चुलीपशी हुती. काय बोलली न्हाई. नर्सिंगला गेली ती गेली. नाशकाला असती. धा वर्सं झाली, एक ओळ न्हाई.”

“तुम्ही नाही लिहिलंत?”

“लिवलं. उत्तर कसं देईल? टपालावर तिचा भरवसाच ऱ्हायला न्हाई, बापच टपाल हुता. म्हणून हे तुझं ईमेल. पत्ता पाकिटात घालून धाडलाय तिला. लिवलंय, ह्यात मधी कुणी फोडत न्हाई, म्या सगळं वाचून बघितलंय.”

मला चार दिवसांची ती रांग आठवली आणि मी रस्त्याकडे बघत राहिलो. यूपीएस दुसऱ्या दिवशी परत केला. लाइट गेली की कॉम्प्युटर पुन्हा आडवे व्हायला लागले. पुठ्ठा मात्र ड्रॉवरमध्ये गेला नाही, तो वहीला सुतळीनं बांधून टाकला. सुतळी आप्पांचीच.

त्यानंतरच्या एका मंगळवारी आप्पांनी खातं उघडायला घेतलं, पण पान येईना. लाइन मंद होती. “च्या पिऊन येतो,” म्हणून ते खाली गेले, आणि नेमकं तेव्हाच पान उघडलं. मी दुसऱ्या कॉम्प्युटरकडे चाललो होतो. डोळ्याच्या कोपऱ्यातून ठळक अक्षरांतली एक ओळ दिसली. ओळ आहे एवढंच दिसलं. माझी जुनी खोड जागी झाली, तिला अडवायला मी सुतळी सोडून वहीवरचा पुठ्ठा काढला आणि पडद्यावर टेकवला. तर त्या खाचेतून नेमकी तीच ओळ दिसायला लागली. डोळे मिटून पुठ्ठ्यापुढे वहीच उभी केली आणि जिना उतरलो.

“आप्पा, काहीतरी आलंय.”

“कुणाचं?”

“मी बघितलं नाही.”

त्यांनी कप अर्धा ठेवला. जिना चढताना कठड्याला धरून चढले. मी खिडकीशी जाऊन स्टँडकडे तोंड करून उभा राहिलो. दौंडची गाडी लागली, भरली, निघून गेली. मग मागून चष्मा पुसल्याचा आवाज आला, म्हणजे मला तसं वाटलं.

“संतू.”

“काय, आप्पा?”

“ह्याला उत्तर धाडायचं तर कुठं दाबायचं?”

दोन वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला. मी मागे सरकत सरकत त्यांच्या खुर्चीपर्यंत गेलो, मान खिडकीकडेच ठेवून, अंदाजानं पडद्यावर बोट टेकवलं. चुकलंच असणार ते.

आप्पांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात ओला होता.

“हिकडं बघून दाखव की,” ते म्हणाले. “तू काय तिऱ्हाईत हाईस व्हय?”