पडवळाचे मांडवी बुलबुलीचे बाळंतपण जाहले, ते वर्तमान

श्री भूमाता प्रसन्न. कुंपणाआत वसणारे पंखांचे, पायांचे आणि बिनपायांचे सकल जीव यांसी स्मरोन, आणि ज्यांची पाने कुरतडली गेली त्यांचे सांत्वन करोन, हे वर्तमान लिहितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मास श्रावण, ते समयी एका राज्यात जे घडले ते जैसे पाहिले आणि जैसे कानी आले तैसे लिहिले. पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास थोडके.

राज्याचे नाव सांगावयाचे प्रयोजन नाही. लांबी चाळीस फूट, रुंदी वीस. पूर्वेस स्वयंपाकघराचे दार, पश्चिमेस बोंद्रे सरदारांची भिंत, उत्तरेस पाण्याची टाकी, दक्षिणेस धुणे वाळत घालावयाची तार. ऐशा मुलखावर श्रीमंत विश्वंभरराव राज्य करीत होते. पूर्वी कचेरीत हेडक्लार्क होते. तेथून निवृत्त जाहले आणि दुसरेच दिवशी परसात सिंहासनारूढ जाहले. सिंहासन प्लास्टिकचे, एक पाय किंचित आखूड. राणीसाहेब कुमुदिनीबाई. एकच कन्या, ऋजुता, लग्न होऊन परमुलखी नांदत होती. आणि राज्य म्हटले म्हणजे कोठार पाहिजे, म्हणोन राजांनी कन्येची मोकळी पडलेली खोली हस्तगत केली, आणि तेथे निंबोळी पेंडीचे पोते, मासळीच्या खताचा डबा, फवारणीचे दोन पंप, बियांचे डबे आणि सुतळीचे गुंडे ऐसा दारूगोळा भरिला. मग मागील दिवाळीस कन्या माहेरी आली, तो तिचे पलंगावर शेणखत निजलेले. ती म्हणाली, "बाबा, मी कुठे झोपू?" राजे टोमॅटोची रोपे मोजीत होते. मान वर न करिता बोलिले, "हॉलमध्ये झोप ना. तू काय आता, दोन दिवसांची पाहुणी." कन्या हॉलमध्ये निजली. दुसरे दिवशी फराळाचा डबा घेऊन निघोन गेली. तेव्हांपासून फोन येत तो राणीसाहेबांसच येत, आणि राजांस 'बाबांना सांग' इतकाच प्रसाद मिळत असे.

पुढे तिला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत सर्वांस ठाऊक. परंतु सातवा महिना लागला तेव्हां कन्येने आईस कळविले की, "मी इथेच राहते गं. सासूबाई करतात सगळं. तिकडे उगाच पाहुणी कशाला?" राणीसाहेबांनी ते शब्द राजांस जैसेचे तैसे ऐकविले. राजे म्हणाले, "मी काय खोटं बोललो का? लग्न झालेली मुलगी पाहुणीच की." राणीसाहेब म्हणाल्या, "खरं आहे. भेंडी चिरू का पडवळ?" पडवळाचे नाव निघताच राजे दचकले आणि तो विषय तेथेच राहिला.

कारण पडवळास हात लावावयाची कोणास आज्ञा नव्हती. वसाहतीत दरसाल श्रावणात परसबागांची परीक्षा होत असे आणि फिरती ढाल दिली जात असे. ती ढाल तीन वर्षे फिरली नव्हती, बोंद्रे सरदारांचे दिवाणखान्यातच बसली होती. ते मोडावे म्हणोन राजांनी बांबूचा मांडव घातला, वेल चढविला, आणि एक पडवळ निवडोन त्याचे टोकास सुतळीने दगड बांधिला. दगड बांधिला म्हणजे पडवळ सरळ वाढते, वळत नाही. ऐसे करिता ते अडीच हातांस पोचले. भिंतीवरोन बोंद्रे डोकावत आणि म्हणत, "विश्वंभरराव, दगड जरा जड झालाय हो. पडवळ आहे, गुन्हेगार नाही." राजे उत्तर देत नसत. शत्रूशी बोलू नये ही राजनीती.

शत्रू तो एकला नव्हता. मावा आला, तो कारल्याचे शेंड्यांवर तळ देऊन बसला. लाल भुंगे आले, त्यांनी काकडीच्या पानांची चाळणी केली. गोगलगायी पावलाविना आल्या आणि पालकासह गेल्या. घुशीने टाकीखालून भुयार काढिले. खार पेरू पिकावयाची वाट पाहत नसे, अर्धा खाऊन अर्धा राजांचे पुढ्यात टाकीत असे. एके दिवशी वानरांची फौज येऊन गेली, तिने भोपळा उचलिला, चाखिला आणि नापसंत करोन बोंद्र्यांचे अंगणात फेकिला. राजांस त्या साली तेवढाच विजय. परंतु सर्वांत क्रूर ती फळमाशी. ती पडवळास सुईएवढे भोक पाडिते आणि आत अंडी घालिते, मग पडवळ तेथेच वाकडे होऊन सडते. तिजसाठी राजे दर चौथे दिवशी औषध फवारीत. आणि पाखरांसाठी बुजगावणे उभे केले, त्यास आपला मलमलीचा जुना सदरा घातिला. तीस वर्षे अंगावर वापरोन तो सायीसारखा मऊ जाहला होता.

पाखरे त्यास भ्याली नाहीत. एक बुलबुल आली, शेपटाखाली लाल, डोईवर काळा तुरा, ती बुजगावण्याचे खांद्यावर बसली आणि सदऱ्याचा एक धागा उपसोन घेऊन गेली. मग दुसरा. मग तिचा घरधनीही आला. चार दिवसांत राजांचा उजवा खांदा उघडा पडला, आणि पडवळाचे मांडवात, स्पर्धेचे पडवळापासोन एका हातावर, वाटीएवढे घरटे तयार जाहले. बाहेरोन काड्या, आतून मलमल. पाहता पाहता आत तीन अंडी, गुलाबी, तांबडे ठिपके असलेली.

राणीसाहेबांनी स्टुलावर चढोन पाहिले आणि खाली उतरोन हुकूम काढिला. "अहो, आजपासून मांडवाकडे औषध बंद."

"अगं, फळमाशी बसेल!"

"बसू दे. बुलबुल उद्या पिलांना अळ्या भरवील, त्या तुमच्या विषातल्या? बाळंतपणाला आलीय बिचारी. माहेरवाशीण आहे."

"माहेरवाशीण? कुणाची?"

"माझी," राणीसाहेब म्हणाल्या आणि आत गेल्या. मग रोज सकाळी कट्ट्यावर पाण्याचे परळ आणि पिकल्या केळ्याचा काप ठेवू लागल्या, आणि बुलबुलीस म्हणत, "घे गं. संकोच करू नकोस." हे शब्द राजांचे कानी पडत. राजे तोंडासमोर वर्तमानपत्र धरीत, परंतु पान उलटीत नसत. फवारणीचा पंप मात्र कोठारातच राहिला. पडवळ तीन हातांवर गेले.

तेराव्या दिवशी पिले निघाली, तीन, डोळे मिटलेली, सर्व शरीर म्हणजे एक चोच. आणि त्यानंतर तिसरे दिवशी सकाळी राजे चहा घेऊन परसात आले, तो मांडवावर भारद्वाज बसलेला. काळे अंग, विटकरी पंख, लाल डोळा. आता सकाळी भारद्वाजाचे दर्शन व्हावे आणि दिवस वाया जावा ऐसे आपले मुलखी कधी ऐकिले नाही. लोक त्याजसाठी गाडी थांबवितात. आणि तो खुद्द पडवळावर! राजांस ढाल भिंतीवर टांगलेली दिसू लागली. त्यांनी चहा खाली ठेविला, चपला काढिल्या, हात जोडिले आणि डोळे मिटले. बुलबुलांचे जोडपे मोठा आकांत करीत होते, तो राजांस मंगलवाद्यांसारखा वाटला. मागोन केरसुणी घेऊन झाडलोटीची हौसाबाई येत होती, ती ओरडली, "सायेब! हात काय जोडताय त्याला? हाकला की! कुंभारकावळा हाय त्यो, पिलं उचलतो!" आणि तिने केरसुणीच फेकिली. भारद्वाज उडाला. चोचीत काय होते ते सर्वांनी पाहिले. राणीसाहेबांनी स्टुलावर चढोन पाहिले आणि म्हणाल्या, "दोन आहेत." इतकेच म्हणाल्या. राजांस बोल लाविला असता तर राजांनी उत्तर दिले असते; बोल लाविला नाही म्हणोन उत्तरही राहिले. हात मात्र बराच वेळ जोडलेलेच होते, ते सोडावयाचे भान नव्हते.

त्या दिवसापासोन राजांनी सिंहासन मांडवाखाली नेले आणि उजाडल्यापासोन दिवेलागणीपर्यंत हाती छत्री घेऊन चौकी दिली. पावसाची सर आली तर छत्री घरट्यावर धरीत आणि आपण भिजत. बोंद्रे भिंतीवरोन म्हणाले, "पडवळाला राखण बसलात काय? एवढा अविश्वास?" राजे बोलिले, "हळू बोला. आत्ताच झोप लागलीय." बोंद्र्यांस वाटले, राणीसाहेब झोपल्या असतील, ते गुमान उतरोन गेले. ऐशात पडवळाचे मधोमध एक सुईचे भोक पडले. राजांनी ते पाहिले. दगड सोडोन ठेविला, परंतु पंपास हात लाविला नाही.

मग परीक्षेचा दिवस आला, श्रावणातला मंगळवार. पंच सहा जण, पुढे आपटेकाकू, मागे फोटो काढणारे, त्यांचेमागे बोंद्रे. ते फाटकाशी पोचले तेव्हां हौसाबाई मांडवाकडे पाहोन राजांस म्हणाली, "सायेब, पिलं काठावर आलीत. उद्या-परवा उडतील. पन आत्ता एवढी मान्सं आत शिरली तर भेदरून उड्या टाकतील. पंखात बळ न्हाई, आन् मांजर बगा टाकीवर बसलंय." राजांनी मांजर पाहिले. मग पडवळ पाहिले. भोक एकच होते, पानाआड करता आले असते, आणि लांबी तीन हात चार बोटे. बोंद्र्यांचे तीन हात दोन बोटे, हे राजांस हेरांकडोन ठाऊक होते. दोन बोटांची ढाल. मग राजे उठले, फाटकाशी गेले आणि आतोन कडी घातली.

"विश्वंभरराव, उघडा ना. तुमचं पडवळ बघायला केव्हाची थांबलेय," आपटेकाकू म्हणाल्या.

जन्मभर अर्जावर शेरा मारावयाचा सराव. परंतु ऐनवेळी राजांस शेरा सुचेना. मग जे तोंडी आले ते बोलिले: "येता यायचं नाही. घरात बाळंतीण आहे. सुवेर आहे."

आपटेकाकू तीन पावले मागे सरकल्या. त्यांचे घरी सुनेची मंगळागौर होती. "अगंबाई! घरी पूजा व्हायचीय अजून. ऋजुता आली होय? कळवलं नाहीत! काय झालं?"

"दोन," राजे म्हणाले. आणि मान फिरवोन मांडवाकडे पाहिले. तिसरे कोठे गेले हे पंचांस सांगावयाचे नव्हते. पंच गहिवरले आणि ढाल बोंद्र्यांचे घरी चौथे वर्षी राहिली.

बोंद्रे सरदार शत्रू खरे, परंतु मनाने मोकळे. त्यांनी घरी सांगितले, त्यांचे मंडळींनी वसाहतीच्या ग्रुपवर पेढ्यांचे चित्र घातिले, 'ऋजुताला जुळं! आजी-आजोबांचे अभिनंदन!' आणि प्रहर उलटावयाचे आत ते वर्तमान परमुलखी कन्येचे हाती गेले. राजांचा मोबाइल वाजला. दिवाळीनंतर त्या नावाने प्रथमच.

"बाबा, मला जुळं झालं?"

"नाही नाही. ते जरा... तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. तिथे कोण बाळंत झालंय?"

"बुलबुल," राजे म्हणाले. आणि मग सर्व सांगितले. सदऱ्याचे धागे सांगितले, भारद्वाज सांगितला, हात जोडिले तेही सांगितले. ढालीचे सांगितले नाही. ते फोन घेऊन राणीसाहेबांनी सांगितले आणि फोन परत राजांचे हाती दिला.  मग कन्या म्हणाली, "तिला मांडव दिलात म्हणजे. आणि मला हॉल."

राजे उभे होते ते चालू लागले. खोलीत शिरले आणि फोन कानाशी धरोनच एका हाताने पेंडीचे पोते ओढू लागले. पोते जड, राजे साठीपारचे. मोठा आवाज जाहला.

"बाबा, काय करताय?"

"खोली काढतोय."

"आत्ता?"

"अगं, ते मी चुकीचं बोललो होतो," राजे म्हणाले. धाप लागली होती. "पाहुण्यांना मी काही औषध मारलं नाही गं. तू तर..." आणि पुढचे पोत्याखाली दबले.

"वास जाईल का त्या मासळीच्या खताचा?" कन्येचा आवाज ओला होता, परंतु त्यात जुनी कुरकुर परत आली होती, त्यावरोन राणीसाहेबांनी ओळखिले की तह जाहला.

तिसरे दिवशी पिले उडाली. एक थेट पेरूवर गेले. दुसरे बुजगावण्याचे डोक्यावर बसले आणि अर्धा तास तेथेच विचार करीत राहिले. मांजराशी राजांनी छत्री उघडोन समोरासमोर लढाई दिली, ती मांजराने सोडोन दिली. मग खोलीस चुना लागला, दारूगोळा जिन्याखाली गेला, आणि भाद्रपदात कन्या आली. राणीसाहेबांनी बुजगावण्याचा सदरा उतरविला, सात वेळा धुतला, उन्हात वाळविला आणि कातरीस लाविला. कारण नव्या जिवास पहिले झबले जुन्या मऊ कापडाचे घालावे लागते. उजवा खांदा पाखरांनी नेला होता, तरी पाठीचे कापड पुरले. आश्विनात नात जन्मली.

सारांश ऐसा की, ढाल गेली. पडवळ मधोमध वाकले, तांबडे होऊन फुटले, त्याच्या बिया नारळाचे करवंटीत राखोन ठेविल्या. त्यांतील मूठभर बोंद्र्यांनी भिंतीवरोन मागोन नेल्या, राजांनी दिल्या. मावा आहे, भुंगे आहेत, गोगलगायी आहेत. एक पिलू गेले ते गेले. बुजगावणे उघडेच उभे आहे. भारद्वाज अद्याप सकाळचे वेळी येतो. राजांचे एका हाती नात असते, म्हणोन दुसऱ्या हातानेच नमस्कार करितात. परंतु आताशा डोळे मिटत नाहीत.