राखीव जागेतल्या चार खुर्च्या

पार्किंग कसं असावं हे कुणाला शिकायचं असेल तर त्याने सरळ माझ्याकडे यावं, असं मी त्या शुक्रवारी सकाळी बायकोला सांगून टाकलं. मर्लीनने कॉफीच्या कपातून मान वर काढली नाही.

"लेनी, आज पॉप येणार आहेत," एवढंच म्हणाली.

"म्हणून तर सांगतोय!"

पॉप म्हणजे माझे सासरे, एमिल व्राबेल. आमचं तळलेल्या माशांचं दुकान त्यांनीच उभं केलं. मधुमेहात पाय गेला तेव्हा कढई माझ्याकडे आली आणि ते व्हीलचेअरवर बसले. पण बसून राहणाऱ्यातला माणूस नव्हे. सगळं हाताने चालवता येईल अशी व्हॅन त्यांनी करून घेतली. बटण दाबलं की बाजूचं दार उघडतं, रॅम्प बाहेर येतो आणि पॉप आपले आपण खाली उतरतात. रॅम्पला शेजारी मोकळी जागा लागते, बाकी कुणाचीही गरज लागत नाही.

गेल्या पानगळीत ते असेच दुकानापाशी आले, तर रॅम्पसाठी आखलेल्या मोकळ्या पट्ट्यांवर कुणीतरी 'पाचच मिनिटं' म्हणून गाडी लावून गेलेला. रॅम्प उघडेना. पॉप व्हॅनमध्ये बसून, आणि अख्खं दुकान काचेतून बघतंय. शेवटी तीन धडधाकट गिऱ्हाइकं बाहेर गेली, पॉपना पोत्यासारखं उचलून आत घेऊन आली, आणि वर लोकांनी टाळ्या वाजवल्या! पॉपनी घास घेतला नाही. त्यानंतर हिवाळाभर ते घराबाहेर पडले नाहीत, चर्चलासुद्धा नाही.

आता ईस्टरच्या आधीचे उपास सुरू झाले होते. शुक्रवारी मांस चालत नाही, त्यामुळे आमच्याकडे माशांसाठी झुंबड. मर्लीनने महिनाभर विनवण्या केल्या तेव्हा पॉप कबूल झाले, पण अट घालून.

"मी एकटा येईन. कुणी बाहेर येऊन उभं राहायचं नाही, कुणी मला हात लावायचा नाही. आणि या खेपेला जमलं नाही, तर पुन्हा मला विचारायचं नाही."

मर्लीनने हे मला शब्दाला शब्द ऐकवलं. 

आमच्या आवारात चार दुकानं आहेत आणि पार्किंग सगळ्यांचं मिळून एक. त्याची देखभाल माझ्या गळ्यात पडलेली, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. मी सगळं नव्याने रंगवून घेतलं. दाराजवळ अपंगांसाठी राखीव अशा दोन निळ्या जागा, मधे रॅम्पसाठी रुंद पट्टे, उंचावर पाटी, फुटपाथला उतार. बघत राहावं असं काम झालं होतं. पण शुक्रवारच्या भुकेल्या माणसाला पाटी दिसते कुठे? आणि मला तर राखण करायला बाहेर उभं राहायची बंदी!

तेव्हा मला ती कल्पना सुचली.

आमच्या पिट्सबर्गात घरासमोरच्या रस्त्यावर कुणी खुर्ची ठेवली, की ती जागा त्याची. मग खुर्ची मोडकी असो, तिला तीनच पाय असोत. कायद्यात असलं काही नाही, पण लोक सिग्नल तोडतील, खुर्ची हलवणार नाहीत. म्हणून मी दुकानातल्या चार खुर्च्या उचलल्या. एकेक निळ्या जागेत, दोन पट्ट्यांवर. देवसुद्धा तिथे गाडी लावणार नाही अशी व्यवस्था करून मी निश्चिंत मनाने पीठ कालवायला बसलो.

थोड्या वेळाने शेजारचा न्हावी, कार्माइन, आत डोकावला.

"लेनी, आजपासून इथेही खुर्च्या ठेवायच्या का? आधी सांगायचं नाही होय?"

"अरे, त्या वेगळ्या कारणासाठी..."

"कारण सगळ्यांनाच असतं," म्हणाला आणि निघून गेला. काचेतून पाहतो, तर त्याच्या दुकानासमोर वाट बघणाऱ्यांच्या तीन खुर्च्या हारीने मांडलेल्या! ते बघून लाँड्रीवाल्या लोरेनने आपल्या दोन घडीच्या खुर्च्या आणल्या. त्या पुरेनात, म्हणून एका जागेत इस्त्रीचं टेबल उभं केलं.

मग गिऱ्हाइकांनाही चेव आला. एकाने डिकीतून समुद्रावर न्यायची खुर्ची काढली आणि मेहुण्यासाठी जागा धरली. एका बाईने बाळाची उंच खुर्ची ठेवली. संध्याकाळपर्यंत आमच्या पार्किंगमध्ये नाटकाला मांडावीत तशी आसनं लागली होती. गाड्या नुसत्या घिरट्या घालत होत्या आणि एक माईचा लाल खुर्चीला हात लावत नव्हता.

आत माझ्या चार खुर्च्या कमी. एक आजोबा ताट हातात धरून उभे.

"बसायला काही मिळेल का?"

"बाहेर पुष्कळ आहे, आजोबा."

मर्लीन काउंटरमागून कुजबुजली, "लेनी, पॉप केव्हाचे निघालेत. दहा मिनिटांचा रस्ता आहे. गेले कुठे?"

"येतील गं. गर्दी आहे."

 एक घाणा करपला, दुसरा कच्चा निघाला. आणि तेवढ्यात व्हॅन दिसली!

ती सावकाश आत आली आणि निळ्या जागेसमोर थांबली. जागेत एकही गाडी नव्हती, पट्ट्यांवरही नव्हती. मर्लीनने माझा दंड इतका आवळला की वळ उठला. "जाऊ नकोस," ती म्हणाली, "शब्द दिलाय आपण." व्हॅन उभीच राहिली. मग पुढे सरकली, इस्त्रीच्या टेबलाला वळसा घालून पुन्हा आली, पुन्हा थांबली. आणि रस्त्याला लागून निघून गेली.

मर्लीन मटकन खाली बसली, तीही रिकाम्या पिंपावर. मी चिमटा हातात घेऊन, ॲप्रन फडफडवत बाहेर धावलो, पण व्हॅन दिसेनाशी झाली होती. मी तसाच माशांचं पुडकं घेऊन सासऱ्यांच्या घरी गेलो.

पॉप स्वयंपाकघरात बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी खात बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पॉप, परत का फिरलात?"

"खुर्ची होती."

"अहो, ती तुमच्यासाठीच ठेवली होती! तुमच्याच दुकानातली, तुम्हीच विकत घेतलेली!"

"ओळखली की मी. म्हटलं, जावयाने कुणासाठी तरी जागा धरलीय. असेल बिचारा कुणी माझ्यापेक्षा अडलेला."

 तरी मी नेट लावला. "बाजूला सारायची होती ना."

आता मात्र पॉपनी काटा खाली ठेवला. "लेनी, खुर्ची सारायला मला खाली उतरावं लागतं. उतरायला रॅम्प उघडावा लागतो. रॅम्प उघडायला ती जागा लागते. आणि त्या जागेत काय होतं?"

मी म्हटलं, "खुर्ची."

"मला राखणदार नकोय रे. मोकळी जागा हवीय."

मी माशांचं पुडकं त्यांच्यापुढे सरकवलं. पॉपनी पुडकं उघडलं, एक तुकडा तोंडात टाकला, आणि बराच वेळ चावत राहिले.

"कच्चा आहे," म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी येऊन बघतो, काय चाललंय ते."

पुढचा आठवडाभर मी दारोदार फिरून कार्माइनला, लोरेनला आणि दिसेल त्या गिऱ्हाइकाला हात जोडले. शुक्रवारी निळ्या जागा मोकळ्या, पट्टे मोकळे! व्हॅन आली, थांबली, दार सरकलं. पॉप रॅम्पवरून उतरले, उतारावरून फुटपाथवर चढले, स्वतःच्या हाताने दार ढकलून आत आले. कुणी बाहेर गेलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मर्लीन कांद्याचं निमित्त करून डोळे पुसत होती.

मी रुबाबात पुढे झालो. खिडकीजवळचं उत्तम टेबल त्यांच्यासाठी राखून ठेवलं होतं, पांढराशुभ्र कपडा घालून. पॉप व्हीलचेअर वळवून टेबलाशी आले आणि थबकले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

टेबलाशी, अगदी त्यांच्या जागेवर, मी स्वतः पुसून ठेवलेली खुर्ची होती.

"लेनी," पॉप म्हणाले, "ही कुणासाठी राखलीयस?"